व्यसनमुक्ती केंद्राच्या अलीकडे

दारू पिणाऱ्या माणसांची मराठी समाजाने मनोमन दोनच वर्गांत वाटणी करून ठेवलेली आहे. पहिल्या वर्गात ‘कधीमधी घेणारे’ येतात, ज्यांच्याविषयी काही बोलावे असे ना घरच्यांना वाटते ना डॉक्टरांना. दुसऱ्यात बेवडा म्हणून ओळखला जाणारा, नोकरी गेलेला, पत गेलेला माणूस येतो, ज्याला ‘कुठेतरी भरती करा’ याविषयी सर्वांचे एकमत असते. या दोहोंच्या मध्ये काहीच नाही हे गृहीतक इतके रुजलेले आहे की, व्यसनमुक्तीची जाहीर चर्चा जवळजवळ सगळी या दुसऱ्या माणसापुरतीच चालते. दारूमुळे होणाऱ्या हानीचा मोठा वाटा मात्र मधल्या पट्ट्यातील माणसांकडे जातो आणि मदत पोहोचवणे जेथे तुलनेने सोपे आहे तेथेच ती पोहोचत नाही.

वैद्यकशास्त्र या पट्ट्यातल्या पायऱ्या वेगवेगळ्या मोजते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तिच्यात धोकादायक मद्यपान ही अवस्था आजार म्हणून नव्हे तर जोखीम म्हणून नोंदवली आहे, म्हणजे अद्याप इजा झालेली नाही, पण पिण्याची रीतच अशी आहे की ती होण्याचा संभव आहे. त्यापुढची अवस्था हानिकारक मद्यपानाची. तेथे पिणाऱ्याच्या शरीराला, मनाला किंवा त्याच्या वर्तनामुळे दुसऱ्या कोणाच्या आरोग्याला प्रत्यक्ष इजा झालेली असते. अवलंबित्व ही तिसरी अवस्था, जिच्यात किती प्यायची आणि कधी थांबायचे यावरचा ताबा सुटतो, दारू इतर सर्व गोष्टींच्या पुढे जाते आणि ती न मिळाल्यास शरीर बंड करते. बोलीभाषेत ज्याला व्यसनी म्हणतात तो या तिसऱ्या अवस्थेतला माणूस होय.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यांपैकी मदतीची गरज असलेले सुमारे ५ कोटी ७० लाख आणि त्यांतही अवलंबित्वाच्या अवस्थेला पोहोचलेले सुमारे २ कोटी ९० लाख. म्हणजे ज्यांना दारूने इजा होते आहे, पण जे अजून दारूवर अवलंबून नाहीत, अशांची संख्या अवलंबित्व असलेल्यांच्या जवळपास बरोबरीची आहे. याच सर्वेक्षणात असेही आढळले की, अवलंबित्व असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळाला होता. ज्यांच्याविषयी सर्वांना चिंता आहे त्यांची ही स्थिती असेल, तर ज्यांच्याविषयी कोणालाच चिंता नाही त्यांचा हिशेब मांडण्याचीही गरज नाही.

रोगप्रतिबंधाच्या शास्त्रात एक विरोधाभास सुपरिचित आहे. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी हृदयविकाराच्या संदर्भात तो मांडला आणि पुढे तो मद्यपानालाही लावला गेला. ज्यांचा धोका फार मोठा आहे अशी माणसे थोडी असतात, ज्यांचा धोका मध्यम आहे अशी पुष्कळ असतात. त्यामुळे एकूण अपघात, मारामाऱ्या, कामावरचे खाडे आणि बिघडलेले रक्तदाब यांची बेरीज केली तर तिच्यात या मध्यम धोक्याच्या माणसांचा हिस्सा बराच भरतो. पगाराच्या दिवशी किंवा आठवडी बाजाराला भरपूर पिऊन दुचाकीवरून परतणारा माणूस उरलेले सहा दिवस कोरडा असू शकतो. त्याला व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करणे जितके चुकीचे, तितकेच त्याला निरोगी समजून सोडून देणेही.

मदतीची सुरुवात मोजण्यापासून होते आणि मोजमापाची पहिली अडचण ही की, पिणाऱ्याला आपण किती पितो हे सहसा माहीत नसते. तो ग्लास मोजतो, पैसे मोजतो, फार तर पेग मोजतो. शरीर मात्र शुद्ध अल्कोहोल मोजते. जागतिक आरोग्य संघटना दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल हे एक माप धरते. भारतात मिळणाऱ्या व्हिस्की, रम, ब्रँडी यांत सर्वसाधारणपणे ४२.८ टक्के अल्कोहोल असते, त्यामुळे ३० मिलिलिटरचा एक छोटा पेग हे जवळपास बरोबर एक माप होते. हाच हिशेब पुढे नेला तर १८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे सहा मापे, ५ टक्क्यांची ६५० मिलिलिटरची बिअरची बाटली म्हणजे अडीच आणि ८ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बिअरची तेवढीच बाटली म्हणजे चार. ‘मी फक्त बिअर घेतो’ हे वाक्य महाराष्ट्रात ज्या निर्धास्तपणे उच्चारले जाते, त्याची परीक्षा एवढ्या गणितानेच होऊ शकते.

या मापांवर आधारलेली ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी जागतिक आरोग्य संघटनेने १९८०च्या दशकात सहा देशांतील पाहण्यांमधून तयार करून घेतली. पहिले तीन प्रश्न पिण्याची वारंवारिता आणि प्रमाण विचारतात, पुढचे तीन ताबा सुटल्याच्या खुणा शोधतात आणि शेवटचे चार परिणामांविषयी आहेत: पश्चात्ताप, आदल्या रात्रीचे न आठवणे, कोणाला झालेली इजा, आणि नातेवाईक वा डॉक्टर यांनी व्यक्त केलेली काळजी. एकूण ४० गुणांपैकी ८ किंवा अधिक गुण धोकादायक मद्यपान सुचवतात, तर २० किंवा अधिक गुण मिळाल्यास तज्ज्ञाकडून अवलंबित्वाची तपासणी करावी लागते. तिसरा प्रश्न एका बैठकीत सहा किंवा अधिक मापे किती वेळा घेतली जातात असा आहे, आणि सहा मापे म्हणजे नेमकी एक क्वार्टर. जी क्वार्टर या राज्यात असंख्य माणसांच्या दृष्टीने एका संध्याकाळचे साधे परिमाण आहे, ती जगभर वापरल्या जाणाऱ्या चाचणीत एका बैठकीतील अतिरेकाची सीमारेषा ठरते.

मोजून झाल्यावर काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू बदलत गेले. ग्रिफिथ एडवर्ड्स, जिम ऑरफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये लंडनमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. विवाहित मद्यपी पुरुषांच्या एका गटाला त्या काळचा पूर्ण उपचार देण्यात आला, तर दुसऱ्या गटातील पुरुषांना पत्नीसमवेत बसवून एकदाच सविस्तर सल्ला देण्यात आला. वर्षानंतर दोन्ही गटांच्या स्थितीत लक्षणीय फरक आढळला नाही. उपचार निरुपयोगी आहेत असा त्याचा अर्थ काढणे घाईचे ठरेल, पण थोडे आणि नेमके बोलणे वाटते त्यापेक्षा पुष्कळ अधिक काम करते, हा विचार तेथून बळावला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह विकसित केलेल्या संवादपद्धतीने त्या बोलण्याला शिस्त दिली. तिचे सूत्र असे की, बदलाची कारणे समुपदेशकाने सांगायची नसून पिणाऱ्याच्या तोंडून बाहेर यायची असतात. दारू पिणाऱ्याच्या मनात तिच्याविषयी ओढ आणि नकोसेपणा एकाच वेळी नांदत असतात; समोरचा माणूस नकोसेपणाची बाजू लढवू लागला की पिणारा आपोआप ओढीची वकिली करू लागतो. बायकोने, आईने, साहेबाने वर्षानुवर्षे दिलेले उपदेश वाया का जातात, हे यावरून बरेचसे उलगडते. त्यांची तळमळ खरी असते, पण त्या संवादात पिणाऱ्याच्या वाट्याला बचावाखेरीज दुसरी भूमिकाच उरत नाही.

अशा अल्प समुपदेशनाचा परिणाम किती, याविषयी अतिशयोक्ती करण्याचे कारण नाही. जगभरातील चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन समूहाच्या २०१८च्या आढाव्यानुसार वर्षभरानंतर दर माणशी आठवड्याला सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल कमी झालेले दिसते, म्हणजे दोन छोटे पेग. एका माणसाच्या बाबतीत हे क्षुल्लक वाटेल. लाखो माणसांच्या बाबतीत तसे राहत नाही. मात्र त्या आढाव्यातील बहुतेक चाचण्या श्रीमंत देशांतील होत्या. जेथे डॉक्टरांपाशी रुग्णामागे दोन-तीन मिनिटेही नसतात आणि मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणीच भेटतो, तेथे हे कोणी करायचे, हा प्रश्न उरतोच.

त्याचे सर्वांत काटेकोर उत्तर गोव्यातून आले. मद्यावरील कर कमी असल्याने स्वस्त दारूसाठी पर्यटकांच्या तोंडी असलेल्या, काजूची फेणी आणि तिच्या आधीच्या ऊर्ध्वपातनातून निघणारा उर्राक यांचा घरगुती सराव असलेल्या या राज्यात ‘संगत’ ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्याचे काम करते. डॉ. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी आणि डॉ. अभिजित नाडकर्णी यांनी सहकाऱ्यांसह घेतलेल्या चाचणीत दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ताप, खोकला, अंगदुखी अशा कोणत्याही तक्रारीसाठी आलेल्या पुरुषांना ऑडिट चाचणीचे प्रश्न विचारण्यात आले. १२ ते १९ गुण मिळालेले, म्हणजे हानीच्या पट्ट्यात असूनही अवलंबित्वाच्या उंबरठ्याच्या अलीकडचे ३७७ पुरुष निवडून त्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडण्यात आले, जेणेकरून संशोधकांच्या आवडीनिवडीचा परिणाम निकालावर होऊ नये. एका गटाला डॉक्टरांकडून नेहमीचीच, किंचित सुधारलेली सेवा मिळाली. दुसऱ्याला तिच्या जोडीला जास्तीत जास्त चार भेटींचे समुपदेशन मिळाले.

हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, परिचारिकाही नव्हत्या. स्थानिक भाषा बोलणाऱ्या सामान्य माणसांना प्रशिक्षण देऊन या कामासाठी तयार करण्यात आले होते. पहिल्या टप्प्यात ते पिणाऱ्याच्या सवयीची बारकाईने माहिती घेत आणि त्या माहितीतून त्याच्याच आयुष्यावर काय परिणाम होतो आहे हे त्याच्यापुढे मांडून बदलाचा आराखडा दोघे मिळून ठरवत. मधल्या टप्प्यात व्यावहारिक कौशल्ये येत: मित्राचा आग्रह न दुखावता कसा नाकारायचा, तलफ आल्यावर ती ओसरेपर्यंतचा वेळ कसा काढायचा, राग किंवा उदासी आल्यास बाटलीऐवजी काय करायचे, पैशाच्या अडचणीसारखा प्रश्न टप्प्याटप्प्याने कसा सोडवायचा. अखेरच्या टप्प्यात पुन्हा घसरण झाल्यास ती ओळखून सावरण्याची तयारी करून घेतली जाई. यातले एकही कौशल्य गूढ नाही. प्रत्येक लग्नात, हळदीत, मुंजीत ‘एक तर घे’ या आग्रहाला तोंड देण्याचा प्रसंग येतो आणि ‘डॉक्टरांनी बंद सांगितलीय’ हे वाक्य आधी घोकून ठेवलेल्या माणसाला तो सोपा जातो.

‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुष आठ गुणांच्या खाली, म्हणजे धोक्याबाहेर आले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. आधीच्या दोन आठवड्यांत दारूला अजिबात न शिवलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४२ आणि १८ टक्के होते. वर्षभरानंतर धोक्याबाहेर असलेल्यांच्या प्रमाणातले अंतर मिटण्याऐवजी वाढले आणि त्यांची टक्केवारी ५४ विरुद्ध ३२ अशी झाली. पण संशोधकांनी उणी बाजूही तितक्याच स्पष्टपणे नोंदवली आहे: जे पीत राहिले त्यांच्या पिण्याचे प्रमाण घटले नाही आणि तीन महिन्यांच्या तपासणीत जोडीदारावरील हिंसाचारातही फरक दिसला नाही. दारू सुटली की मारहाण आपोआप थांबेल, ही समजूत अनेक घरांत आशेचा शेवटचा धागा असते; निदान या चाचणीने तिला आधार दिलेला नाही, आणि हिंसाचाराचा प्रश्न दारूच्या प्रश्नात विरघळवून टाकणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

कमी करण्यापेक्षा पूर्ण थांबणे अधिक जणांना जमले, हा निष्कर्ष पाश्चात्त्य वाचकाला चमत्कारिक वाटेल, मराठी वाचकाला तितका वाटू नये. ज्या समाजात बहुसंख्य माणसे मुळातच पीत नाहीत तेथे न पिणारा एकाकी पडत नाही, उलट त्याला मान्यतेच्या कितीतरी तयार जागा मिळतात. वारकरी संप्रदायात तुळशीची माळ घातली की दारू आणि मांसाहार सुटतो आणि गावही ती माळ मानते. श्रावणात ग्लास बाजूला ठेवणाऱ्याला कोणी कारण विचारत नाही. मोजून पिण्याला असा कोणताही सामाजिक आधार नाही. श्रावणाच्या तोंडावर येणारी गटारी त्या संयमाची किंमत आगाऊ वसूल करते ही गोष्ट वेगळी.

मात्र याच ठिकाणी एक गंभीर इशारा देणे आवश्यक आहे. अवलंबित्वाच्या अवस्थेतील माणसाने, विशेषतः ज्याला सकाळी उठताच हात थरथरतात म्हणून प्यावी लागते अशा माणसाने, श्रावणाच्या किंवा शपथेच्या मुहूर्तावर एकाएकी दारू बंद करणे जिवावर बेतू शकते. रोजच्या दारूशी जुळवून घेतलेला मेंदू ती अचानक थांबल्यावर अतिउत्तेजित होतो. काही तासांत थरकाप, घाम आणि अस्वस्थता येते, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम, भास आणि तीव्र गोंधळाची अवस्था येऊ शकते, जिच्यावर उपचार न झाल्यास मृत्यूही ओढवतो. घरच्यांना ती बाहेरची बाधा वाटते आणि मौल्यवान तास अंगाऱ्या-धुपाऱ्यात जातात. या माणसांना डॉक्टरच्या देखरेखीखाली काही दिवस शामक औषधे आणि ब१ जीवनसत्त्व देऊन दारू उतरवावी लागते.

त्यानंतर पुन्हा पिणे टाळण्यासाठी तीन औषधे प्रामुख्याने वापरली जातात. नाल्ट्रेक्सोन पिण्यातून मिळणारी सुखाची लाट दाबते, अॅकॅम्प्रोसेट दारू थांबल्यानंतरची मेंदूची अस्वस्थता कमी करते असे मानले जाते, आणि सर्वांत जुने डायसल्फिरम अल्कोहोलच्या पचनात अडथळा आणून अॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य शरीरात साचवते, ज्यामुळे घोटभर दारूनेही चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते आणि रक्तदाब कोसळू शकतो. डायसल्फिरमचा सारा उपयोग ‘प्यालो तर त्रास होईल’ या जाणिवेत आहे, त्यामुळे ते रुग्णाच्या संमतीने आणि त्याला पूर्ण कल्पना देऊनच द्यायचे असते. एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती करून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत काय असते हे विकत घेणाऱ्याला कळत नाही. ज्याच्या जेवणात डायसल्फिरमसारखे द्रव्य नकळत कालवले आहे असा माणूस संध्याकाळी नेहमीप्रमाणे प्यायला बसला तर जे घडेल ते उपचार या सदरात मोडत नाही.

अवलंबित्व असलेल्यांसाठी महाराष्ट्रात निवासी उपचारांची परंपरा आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण हे तिचे सर्वांत परिचित नाव. १९३५ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडलेल्यांनी एकमेकांना सावरण्यासाठी भरवलेल्या, विनाशुल्क सभाही राज्यातील अनेक शहरांत होतात. गडचिरोलीत १९९३ पासून जिल्हा दारूबंदी आहे आणि तेथे २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ या कार्यक्रमाने गावपातळीवरच्या विक्रीबंदीला तालुक्याच्या ठिकाणच्या उपचारांची जोड दिली. ही जोड महत्त्वाची आहे, कारण पुरवठा आटवला आणि उपचार ठेवले नाहीत तर पिणारा हातभट्टीकडे वळतो. आणि केवळ उपचार ठेवले, पण दुकान चौकातच राहिले, तर बरा होऊन आलेला माणूस रोज त्याच्यासमोरून घरी जातो. राज्याची स्वतःची भूमिका मात्र गमतीशीर आहे. १९४९च्या कायद्याच्या शीर्षकात आजही दारूबंदी हा शब्द आहे, पिण्याचा परवाना ‘आरोग्य राखण्यासाठी’ या कारणाने देण्याची त्यात तरतूद आहे आणि दारूचे उत्पादन शुल्क हा राज्याच्या तिजोरीचा एक भक्कम खांब आहे.

गोव्यातील पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवायची तर नवी इमारत लागत नाही. माणसे, त्यांचे प्रशिक्षण आणि प्रशिक्षणानंतरही चालू राहणारी देखरेख लागते. यातील तिसरी गोष्ट योजनांत नेहमी गाळली जाते. शिवाय कोणाशी बोलायचे हे आधी कळावे लागते आणि घोडे तेथेच अडते. आशा कार्यकर्त्या तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोगाच्या जोखमीसाठी जो प्राथमिक तपासणी-अर्ज भरतात, त्यात तंबाखूच्या प्रश्नाशेजारी दारूचाही प्रश्न आहे. पण तो ‘रोज पिता का’ एवढाच आहे. जो माणूस दर शनिवारी दोन क्वार्टर पितो, म्हणजे एका बैठकीत बारा मापे रिचवतो, त्याचे खरे उत्तर ‘नाही’ असे असते. त्या रकान्यात शून्य लिहिले जाते आणि तो रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन घरी जातो.